परीकथेचा अर्थ विचारण्याआधी ती कोणती परीकथा, ते विचारावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील एका विद्यार्थिनीला युरोपातील पारंपरिक परीकथांच्या सांस्कृतिक अर्थांवर प्रबंधिका लिहायची आहे. तिच्या वाचनात आले की ‘लाल टोपीवाली’च्या गोष्टीतील लाल रंग म्हणजे ऋतुप्राप्ती, लांडगा म्हणजे पुरुष आणि जंगल म्हणजे नेणीव. हे अर्थ कितपत विश्वासार्ह मानावेत, या कथा खरोखर ‘लोकांच्या’ आहेत का, सुरुवात कोठून करावी आणि जर्मन किंवा फ्रेंच न येता हे काम होऊ शकते का, असे तिने विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे जर्मन शिकवतो आणि त्यातला बराच काळ याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन कथासंग्राहक बंधूंच्या कथांचे निरनिराळे पाठ शेजारीशेजारी ठेवून वाचण्यात गेला आहे. त्या सवयीतून सांगतो : लाल रंगाचा अर्थ काय, हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर विचारला गेला आहे. त्याआधी विचारायला हवे की लाल टोपी कोणाच्या पाठात आहे, कोणत्या साली आली आणि तिच्याविना ही गोष्ट कोणी सांगितली आहे का. ज्ञानेश्वरीच्या एखाद्या ओवीचा अर्थ लावताना आपण आधी पाठभेद पाहतो, आणि ती शिस्त मराठी अभ्यासकाला नवी नाही. परीकथा मात्र लहानपणी ऐकलेली असते, त्यामुळे ती आपल्याला एकच आणि सलग वाटते, आणि पाठ पाहायचा असतो हेच आपण विसरतो.

तेव्हा लाल टोपीवालीच घेऊ. ही गोष्ट पहिल्यांदा छापली ती शार्ल पेरो यांनी, १६९७ साली पॅरिसमध्ये, आठ गद्य कथांच्या एका लहानशा पुस्तकात. पेरो हे चौदाव्या लुईच्या दरबाराशी संबंधित, फ्रेंच अकादमीचे सदस्य. त्यांच्या गोष्टीत मुलगी आजीसाठी लोण्याचे मडके आणि एक भाकरीवजा गोड पोळी नेते, लांडगा तिला अंथरुणात बोलावतो, ती कपडे उतरवून आत शिरते, ते प्रसिद्ध सवालजबाब होतात आणि लांडगा तिला खातो. गोष्ट तिथेच संपते. शिकारी नाही, सुटका नाही. त्यानंतर पद्यात तात्पर्य येते की सगळे लांडगे सारखे नसतात, काही गोडबोले आणि सभ्य लांडगे तरुण मुलींच्या मागे घरापर्यंत, थेट शयनगृहापर्यंत जातात आणि तेच सर्वांत घातक असतात. म्हणजे लांडगा म्हणजे पुरुष, हा ‘दडलेला’ अर्थ आधुनिक मानसशास्त्राने खणून काढलेला नाही. पेरो यांनीच तो छापून दिला होता, आणि तो खेड्यातल्या शेकोटीभोवती बसलेल्या मंडळींसाठी नव्हता, पॅरिसच्या दिवाणखान्यातील वाचकांसाठी होता.

एकशे पंधरा वर्षांनी, १८१२ मध्ये, ग्रिम बंधूंच्या संग्रहात हीच गोष्ट येते, पण ती आता वेगळी आहे. लोण्याच्या मडक्याऐवजी केक आणि वाइनची बाटली आहे. लांडग्याने गिळलेल्या आजी आणि नातीला एक शिकारी पोट फाडून बाहेर काढतो आणि लांडग्याच्या पोटात दगड भरले जातात. हा शेवट आला कुठून? लुडविग टीक या जर्मन लेखकाने १८०० साली याच गोष्टीवर एक छोटे नाटक लिहिले होते आणि त्यात शिकारी आहे. पोटात दगड भरण्याचा प्रसंग ग्रिम यांच्याच संग्रहातील लांडगा आणि सात करडांच्या गोष्टीत आहे. पुढे मुलीने वाट सोडून भटकू नये, ही आईची ताकीद विल्हेल्म ग्रिम यांनी आवृत्तीगणिक अधिक विस्ताराने लिहिली. पेरो यांच्याकडे आई कोणतीच ताकीद देत नाही.

आता मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांचे विवेचन पाहा. १९५१ साली त्यांनी लाल टोपीचा अर्थ ऋतुप्राप्ती असा लावला आणि वाट सोडू नकोस, पडलीस तर बाटली फुटेल, या ताकिदीत कौमार्यभंगाची भीती वाचली. रॉबर्ट डार्नटन या इतिहासकाराने १९८४ मध्ये त्यावर बोट ठेवले : फ्रेंच शेतकऱ्यांनी सांगितलेल्या पाठांत ही टोपीही नाही आणि ही ताकीदही नाही. विश्लेषकाने ज्या तपशिलांवर इमारत रचली ते तपशील एका विशिष्ट छापील जर्मन पाठातले होते, आणि निष्कर्ष मात्र साऱ्या मानवजातीच्या सामूहिक मनाविषयी काढला होता.

डार्नटन ज्या मौखिक पाठाकडे बोट दाखवतात तो वाचण्यासारखा आहे. मध्य फ्रान्समधील निएव्र भागात आशील मिलिएँ यांनी सुमारे १८८५ च्या दरम्यान तो टिपला आणि पॉल दलारू या अभ्यासकाने तो विसाव्या शतकाच्या मध्यास प्रकाशात आणला. त्यात मुलगी गरम भाकरी आणि दुधाची बाटली घेऊन आजीकडे निघते. चौरस्त्यावर तिला भेटतो तो नुसता लांडगा नाही, तो माणसाचा लांडगा होणारा प्राणी आहे. तो विचारतो, कोणत्या वाटेने जाणार, सुयांच्या की टाचण्यांच्या? घरी पोचल्यावर तिला कपाटातले मांस खायला आणि बाटलीतली वाइन प्यायला सांगितले जाते. ते आजीचेच मांस आणि आजीचेच रक्त असते, आणि घरातली मांजर तिला शिवी हासडते. मग एकेक कपडा काढून ‘हा कुठे ठेवू?’ असे ती विचारते, आणि प्रत्येक वेळी उत्तर येते की विस्तवात टाक, आता त्याची गरज नाही. शेवटी मुलगी म्हणते, मला बाहेर जायला हवे. तो म्हणतो, अंथरुणातच कर. ती हट्ट धरते, तो तिच्या पायाला लोकरीचा दोरा बांधतो, ती बाहेर जाऊन तो दोरा आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि घरी पळून येते. शिकारी नाही, तात्पर्य नाही. मुलगी स्वतःच्या अकलेने सुटते, तेही परसाकडेला जाण्याच्या सबबीवर. हा पाठ मी वर्गात वाचून दाखवतो तेव्हा आधी कोणी तरी हसते आणि मग सगळे गप्प होतात.

सुया आणि टाचण्या यांचा अर्थ काय? इथे मात्र अर्थ लावण्याची एक उत्तम रीत दिसते. इव्होन व्हेर्दिए या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी फ्रान्समधील खेड्यांत राहून बायकांची कामे, शिवण, स्वयंपाक, बाळंतपण, प्रेताला आंघोळ घालणे यांचा अभ्यास केला होता. त्यांनी दाखवले की वयात येणाऱ्या मुलींना हिवाळ्यात शिवणकाम करणाऱ्या बाईकडे पाठवण्याची रीत होती, टाचण्या हा त्या वयाचा आणि मुलांनी मुलींना देण्याच्या भेटींचा भाग होता आणि सुईचा संबंध पुढच्या, प्रौढ वयाशी होता. म्हणजे निष्कर्ष अखेर मुलीच्या वयात येण्याशीच पोचतो. पण तो ‘लाल म्हणजे रक्त’ या समीकरणाने पोचलेला नाही. ज्या गावांतून ही गोष्ट सांगितली जात होती, त्या गावांतल्या बायकांच्या हातातल्या वस्तूंवरून पोचलेला आहे. माझ्या मते सांस्कृतिक अर्थ या शब्दप्रयोगाला न्याय देणारे विवेचन असते ते असे.

एक सावधगिरी मात्र हवी, आणि ती मी स्वतः उशिरा शिकलो. मौखिक पाठ म्हणजे जुना पाठ, असे आपोआप ठरत नाही. मिलिएँ यांनी टिपलेला पाठ पेरो यांच्या पुस्तकानंतर जवळजवळ १९० वर्षांनी टिपला गेला आहे. त्यातले तपशील पेरोपूर्व असावेत असे मानायला आधार आहेत, पण ते अनुमान आहे. तसेच, लाल रंग हा पेरो यांनीच घातला असे मी कित्येक वर्षे ठामपणे शिकवत होतो. नंतर लिएजच्या एग्बर्ट नावाच्या धर्मगुरूचे अकराव्या शतकातले लॅटिन पद्य वाचनात आले : पाच वर्षांच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिच्या धर्मपित्याने, म्हणजे चर्चमध्ये तिचा पालक म्हणून उभ्या राहणाऱ्या माणसाने, लाल अंगरखा दिलेला असतो, लांडगा तिला पळवून नेतो, पण त्याची पिल्ले तिला इजा न करता तिचे डोके चाटू लागतात. हे पद्य आणि पेरो यांची गोष्ट यांच्यात सलग धागा आहे की नाही यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण तिथला लाल रंग बाप्तिस्म्याचा आहे, तो मुलीला वाचवतो. त्या दिवसानंतर मी वर्गातले माझे वाक्य बदलले.

आता दुसरा प्रश्न, या कथा लोकांच्या आहेत का. ग्रिम बंधूंबद्दल एक चित्र आपल्या मनात रुजलेले असते : याकोब आणि विल्हेल्म वही घेऊन खेड्यापाड्यांत फिरत आहेत आणि शेतकरी म्हाताऱ्या त्यांना गोष्टी सांगत आहेत. प्रत्यक्षात पुष्कळ कथा कासेल शहरात त्यांच्या घरी किंवा परिचितांच्या घरी सांगितल्या गेल्या, आणि सांगणाऱ्या बहुतेक सुशिक्षित मध्यमवर्गीय तरुणी होत्या. शेजारच्या औषधविक्रेत्या विल्ड कुटुंबातल्या मुली होत्या, आणि त्यांपैकी डॉर्टशेन हिच्याशी विल्हेल्मने पुढे १८२५ मध्ये लग्न केले. हासेनफ्लुग कुटुंबातल्या बहिणी होत्या, ज्यांच्या घरात आईकडून फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासितांची परंपरा होती. लाल टोपीवाली ग्रिम यांच्याकडे आली ती याच घरातून. खऱ्या अर्थाने सामान्य स्तरातली, खेड्यातली कथाकार म्हणजे डोरोथेआ फीमान, शिंप्याची बायको आणि खानावळवाल्याची मुलगी. १८१९ च्या आवृत्तीत चित्र छापले गेले ते तिचे. गंमत अशी की तिच्याही घराण्याचे मूळ फ्रेंच निर्वासितांतच होते. दीर्घकाळ ‘म्हातारी मारी’ या नावाची एक मोलकरीण महत्त्वाची कथाकार समजली जात होती. हाइन्झ र्‍योलेके या अभ्यासकाने १९७० च्या दशकात दाखवून दिले की ही मारी म्हणजे मोलकरीण नसून तरुण मारी हासेनफ्लुग होती.

यावरून काही लोक उडी मारून म्हणतात की मग सगळीच फसवणूक होती. तसे नाही. १८०७ ते १८१३ या काळात कासेल ही नेपोलियनचा भाऊ जेरोम याच्या राज्याची राजधानी होती, आणि याकोब ग्रिम त्याच राजाचा ग्रंथपाल म्हणून पगार घेत होता. फ्रेंच अमलाखाली बसून जर्मन लोकांचा आवाज जपण्याची निकड ज्यांना वाटली, त्यांनी जे जमवले त्यात फ्रेंच वारसा मिसळलेला असणे, ही त्या काळाची वस्तुस्थिती आहे. त्यांची चूक म्हणायची तर ती इतकीच की सर्व सरमिसळीला त्यांनी एका राष्ट्राची मालमत्ता मानले.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे रापुन्झेल. ही ग्रिम यांना कोणा आजीबाईने सांगितलेली नाही. फ्रीडरिश शुल्त्स या लेखकाच्या १७९० च्या छापील गोष्टीवरून ती घेतलेली आहे. शुल्त्सने ती घेतली फ्रेंच सरदार घराण्यातील शार्लोत-रोझ द ला फोर्स हिच्या ‘पर्सिनेत’ या गोष्टीवरून, जी पेरो यांच्या पुस्तकाच्याच सुमारास लिहिली गेली. आणि त्याच्याही आधी, नेपल्सच्या बोलीत जाम्बात्तिस्ता बाझीले यांच्या १६३४ ते १६३६ या काळात, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या संग्रहात ‘पेत्रोसिनेल्ला’ आहे. इटालियन आणि फ्रेंच नावे पार्सली या कोथिंबिरीसारख्या पाल्यावरून पडलेली, जर्मन नाव एका कोशिंबिरीच्या पाल्यावरून. गोष्टीचा पाया मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही : गरोदर बाईला डोहाळे लागतात, परक्याच्या परसातला पाला खावासा वाटतो आणि तो चोरण्याची किंमत म्हणून पोटातले मूल द्यावे लागते. बाझीले यांच्या गोष्टीत तर मुलगी छातीवर पार्सलीच्या डहाळीची खूण घेऊनच जन्मते. डोहाळ्यांची खूण बाळाच्या अंगावर उमटते, ही समजूत युरोपभर होती. इंग्रजीत ‘क्रेव्हिंग’ म्हणून वाचताना हा धागा पातळ होतो. मराठीत तो एका शब्दात सगळे सामाजिक ओझे घेऊन येतो, आणि ही तुमच्या हातातली जमेची बाजू आहे.

पण मला दाखवायचे आहे ते दुसरेच. १८१२ च्या आवृत्तीत, म्हातारीने मनोऱ्यात कोंडलेल्या रापुन्झेलकडे राजपुत्र रोज येऊ लागल्यावर ती एके दिवशी म्हातारीला निरागसपणे विचारते : बाई, माझे कपडे मला इतके घट्ट का होऊ लागलेत, बसतच नाहीत. वाचकाला कळते, म्हातारीलाही कळते, रापुन्झेलला तेवढे कळत नाही. आता १८५७ ची सातवी आणि अखेरची आवृत्ती उघडा. तिथे रापुन्झेल म्हणते : बाई, राजपुत्रापेक्षा तुम्हाला वर ओढून घेणे मला इतके जड का जाते, तो तर क्षणात वर येतो. कपड्यांचे वाक्य गेले. त्याच्या जागी आलेल्या वाक्याने मुलगी निरागस न राहता बावळट झाली. शिवाय राजपुत्राने आधी लग्नाची मागणी घातली आणि तिने हातात हात दिला, अशी सोय करून ठेवली गेली. इतके सगळे करूनही पुढे ओसाड रानात ती जुळ्या मुलांसह राहत असते, आणि ती जुळी मात्र १८५७ मध्येही जागच्या जागी आहेत. संपादकाने कारण खोडले आणि कार्य तसेच ठेवले. बालवाचकाला ते कळणार नाही, असा त्याचा हिशेब असावा.

हा बदल का झाला, हेही कागदावर आहे. पहिली आवृत्ती अभ्यासूंसाठी होती, टिपांसह होती, आणि ती मुलांच्या हाती देण्यासारखी नाही अशी टीका झाली. १८१९ च्या प्रस्तावनेत बंधूंनी लिहिले की बालवयाला न शोभणारा प्रत्येक शब्द काळजीपूर्वक काढला आहे. १८२३ मध्ये लंडनला निघालेल्या सचित्र इंग्रजी भाषांतराचे यश पाहून १८२५ मध्ये निवडक ५० कथांची ‘छोटी आवृत्ती’ काढली गेली, आणि घराघरांत पोचली ती हीच. पण सोज्वळ करणे म्हणजे काय, ते नीट बघा. गर्भारपण काढले गेले, हिंसा मात्र काढली गेली नाही, कधी वाढवलीच गेली. सिंड्रेलाच्या लग्नात कबुतरे सावत्र बहिणींचे डोळे टोचून काढतात, हा शेवट १८१२ च्या पाठात नाही, तो नंतर जोडलेला आहे. काटेरी झुडपात ज्यू माणसाला नाचवून छळण्याची एक गोष्ट आहे, आणि ती तर मुलांच्या त्या छोट्या आवृत्तीसाठी निवडली गेली. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन मध्यमवर्गाला मुलांपासून काय लपवायचे होते आणि काय बिनदिक्कत दाखवायचे होते, याचा नकाशा या दुरुस्त्यांतून निघतो. माझ्या लेखी प्रबंधिकेचा विषय इथे आहे.

‘परी’ या शब्दाबद्दलही थोडे सांगतो. १८१२ च्या रापुन्झेलमध्ये त्या म्हातारीसाठी ‘फे’ म्हणजे परी असा शब्द आहे. पुढे तो जाऊन ‘जादूगारीण’ आला, कारण ‘फे’ फ्रेंच वळणाचा होता. ‘परीकथा’ ही संज्ञाच मुळी फ्रेंच दिवाणखान्यांतून आली, फ्रेंच लेखिका मादाम दोल्नुआ यांच्या १६९७ च्या संग्रहाच्या नावातून ती रूढ झाली. जर्मन ‘मेर्शन’ या शब्दाचा परीशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ ‘छोटीशी खबर’ असा आहे. आणि मराठी भाषांतरांत फे असो, जादूगारीण असो की हेक्से, म्हणजे खरीखुरी चेटकीण, असो, सगळ्यांची सरसकट ‘चेटकीण’ होते, त्यामुळे मराठी पाठावरून पात्राचे नैतिक वजन ठरवू नये. मनोऱ्यातल्या म्हातारीचे नाव ‘फ्राउ गोथेल’ आहे, आणि ‘गोथेल’ हा तिकडच्या बोलीत धर्ममातेसाठीचा शब्द आहे. चेटकीण आणि धर्ममाता यांत केवढे अंतर आहे!

सावत्र आईचे प्रकरण असेच आहे, पण त्याचा उलगडा अधिक अवघड आहे. हान्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून यायला नवऱ्याला भाग पाडणारी बाई १८१२ मध्ये त्यांची सख्खी आई आहे. १८४० च्या चौथ्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हिमगौरीचीही १८१२ मध्ये सख्खी आईच आहे, १८१९ पासून सावत्र. आता, बाळंतपणातील मृत्यू आणि पुनर्विवाह यांमुळे त्या काळी सावत्र आया पुष्कळ होत्या, ही गोष्ट खरी आहे आणि इतिहासकार तिचा आधार घेतात. पण या दोन कथांतल्या सावत्र आया समाजातून आलेल्या नाहीत, त्या विल्हेल्म ग्रिम यांच्या टेबलावर जन्मल्या आहेत. पवित्र मातृत्वाला डाग लागू नये म्हणून ही सोय झाली. म्हणून ‘परीकथांतील सावत्र आई आणि त्या काळचे कुटुंब’ असा निबंध १८५७ च्या पाठावरून लिहिणारा विद्यार्थी अठराव्या शतकाबद्दल बोलतो आहे असे समजतो आणि प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाबद्दल बोलत असतो.

याचा अर्थ इतिहासाचा आधार घेऊच नये असा नाही. पेरो यांच्या ‘अंगठ्याएवढ्या’ मुलाच्या गोष्टीत आईबाप दुष्काळामुळे मुलांना जंगलात सोडतात. फ्रान्समध्ये १६९३–९४ साली भीषण दुष्काळ पडून दहा लाखांहून अधिक माणसे दगावली होती, आणि पुस्तक आले १६९७ मध्ये. वाचकाला ते आठवणारच. पण त्याच गोष्टीत, मुलांना सोडून आल्याबरोबर जमीनदाराकडून जुनी उधारी परत मिळते आणि ती बाई दोघांना लागेल त्याच्या तिप्पट मांस विकत आणते. ही ओळ लिहिणाऱ्याचा सूर कळवळ्याचा नाही, मिस्कील आहे. दुष्काळ हा गोष्टीत खरा असू शकतो आणि त्याकडे पाहणारी नजर पोटभर जेवलेल्या माणसाची असू शकते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवाव्या लागतात.

सिद्धान्तांबद्दल फार लिहीत नाही. आर्ने यांनी १९१० मध्ये सुरू केलेली, थॉम्प्सन यांनी वाढवलेली आणि उथर यांनी २००४ मध्ये सुधारलेली कथाप्रकारांची सूची हे फक्त पत्ते शोधण्याचे साधन आहे. लाल टोपीवालीचा क्रमांक ३३३, रापुन्झेलचा ३१०, हे माहीत असले की पाठ सापडतात, अर्थ सापडत नाही. रशियन अभ्यासक प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन कथांवरून मांडलेली ३१ कार्ये, म्हणजे कथेत ठरावीक क्रमाने येणाऱ्या कृती, एकदा स्वतः एखाद्या कथेवर लावून पाहा. सांगाडा दिसेल, पण टाचण्या आणि सुया त्यातून गळून जातील. बेटलहाइम यांनी १९७६ मध्ये केलेले परीकथांचे मनोविश्लेषण वाचा, फक्त ते कोणत्या पाठावर बोलत आहेत ते समासात लिहीत चला. मला सर्वांत उपयोगी पडले ते स्विस अभ्यासक माक्स ल्यूथी. सात कावळ्यांच्या गोष्टीत बहीण काचेच्या डोंगराच्या कुलपात घालायला किल्ली नाही म्हणून स्वतःची करंगळी कापून ती कुलपात सारते. रक्त नाही, किंकाळी नाही, पुढचे वाक्य दार उघडल्याचे. ल्यूथी म्हणतात, परीकथेतल्या माणसांना खोली नसते, ती कागदातून कातरल्यासारखी असतात. हे एकदा पटले की पात्रांच्या ‘मनात’ शिरण्याची घाई आपोआप कमी होते. आणि मग सिंड्रेलाच्या सावत्र बहिणीच्या बुटातून जेव्हा खरोखर रक्त ठिबकते आणि पाखरे ओरडून ते सांगतात, तेव्हा तो अपवाद ठळकपणे जाणवतो.

तुम्ही महाराष्ट्रात बसून हे काम करणार असाल तर एक पुस्तक जवळचे आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने १८६५–६६ च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर असताना आपल्या आयेकडून, म्हणजे सांभाळणाऱ्या नोकर बाईकडून, अ‍ॅना लिबेराटा डिसूझा हिच्याकडून, गोष्टी ऐकून लिहिल्या, आणि १८६८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. अ‍ॅनाचे घराणे मूळचे लिंगायत, गोव्याकडे येऊन ख्रिस्ती झालेले. त्यातल्या एका गोष्टीत राजकन्येचा जोडा डोंगरावरून घरंगळत खाली जातो आणि तो राजपुत्राला सापडतो. हा प्रसंग सिंड्रेलाशी जोडण्याचा मोह होईल, पण घाई करू नका. माझे लक्ष वेधते ते पुस्तकाच्या सुरुवातीला : अ‍ॅनाने स्वतःच्या आयुष्याची सांगितलेली हकीकत तिथे छापलेली आहे, पगार, मुलेबाळे, आजी यांसकट. ग्रिम यांच्या १८१२ च्या खंडात कथा सांगणाऱ्या एकाही मुलीला अशी जागा मिळालेली नाही. अर्थात अ‍ॅनाचेही बोलणे आपल्याला मिळते ते मालकिणीच्या मुलीने लिहिलेल्या इंग्रजीतून, आणि ते विसरून चालत नाही.

आता कामाचे. भाषेचा प्रश्न : जर्मन येत नसेल तर काम अडत नाही, पण वर्षभरात वाचण्यापुरती शिकून घ्या. ग्रिम यांची वाक्ये छोटी आहेत, शब्दसंपदा मर्यादित आहे, आणि प्राथमिक दोन पातळ्या झालेला विद्यार्थी कोशाच्या साहाय्याने एक कथा आठवड्यात वाचू शकतो, हा माझ्या वर्गाचा अनुभव आहे. पहिली आणि शेवटची, दोन्ही आवृत्त्या जर्मन विकिस्रोतावर मोफत आहेत. पहिल्या आवृत्तीचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर जॅक झाइप्स यांनी २०१४ मध्ये केले आहे आणि तोवरचा तुमचा आधार तेच असेल. बाजारातले कोणतेही ‘ग्रिमच्या परीकथा’ पुस्तक मात्र कोणत्या आवृत्तीवरून केले आहे हे आत छापलेले नसेल तर ते संदर्भासाठी वापरू नका. मराठी भाषांतरांचा अभ्यास हा स्वतंत्र आणि चांगला विषय आहे, पण तो वेगळा विषय आहे.

वीस कथा घेऊ नका, एक घ्या. मी हान्सेल आणि ग्रेटेल सुचवेन, कारण त्यात दुष्काळ, आई, जंगल आणि अन्न हे सर्व आहे आणि आवृत्त्यांतील फरक भरपूर आहेत. आडव्या वहीत दोन रकाने पाडा, डावीकडे १८१२ आणि उजवीकडे १८५७, वाक्यासमोर वाक्य. जिथे उजवीकडे भर आहे तिथे एक खूण, जिथे डावीकडचे गळले आहे तिथे दुसरी. अर्थ लिहायचा नाही, निदान महिनाभर. हे काम कंटाळवाणे आहे आणि तिसऱ्या दिवशी ते सोडून बेटलहाइम वाचावासा वाटेल.

शेवटच्या परिच्छेदाशी पोचाल तेव्हा जरा थांबा. मुले चेटकिणीचे धन घेऊन घरी येतात, बाप आनंदतो, आणि डाव्या रकान्यात वाक्य असेल : ‘आई मात्र मेली होती.’ उजव्या रकान्यात त्याच जागी असेल : ‘बायको मात्र मेली होती.’ ती कशाने मेली, हे दोन्हीकडे सांगितलेले नाही. तुमच्या प्रबंधिकेचे पहिले प्रकरण त्या दोन वाक्यांवर लिहून मला पाठवा.